एका वेळी एकच : एड्सगर डाइक्स्ट्रा यांचे जीवन व कार्य

स्मरणिकेच्या पानांवर आपण समाजसुधारकांची, शिक्षणतज्ज्ञांची आणि साहित्यिकांची चरित्रे नेहमी वाचतो. या वर्षी आम्ही एका परदेशी गणितज्ञाचे चरित्र वाचकांपुढे ठेवीत आहोत. आपल्या मुलामुलींपैकी कितीतरी जण आज संगणकाच्या क्षेत्रात स्थिरावले आहेत. मुलगा किंवा मुलगी नेमके काय काम करते, असे शेजाऱ्याने विचारले तर पुष्कळ पालकांना उत्तर देता येत नाही. या कामाला एका स्वतंत्र विद्येची प्रतिष्ठा ज्या मोजक्या माणसांनी मिळवून दिली, त्यांत एड्सगर वीबे डाइक्स्ट्रा यांचे स्थान फार वरचे आहे. त्यांनी हाताळलेला सर्वांत मोलाचा प्रश्न वसतिगृहात वाढलेल्या कोणालाही चटकन समजेल असा आहे. एकच वस्तू अनेकांनी वापरायची असेल, तर ती बिघडू न देता आणि कोणालाही उपाशी न ठेवता ती कशी वापरावी, हा तो प्रश्न होय.

बालपण आणि शिक्षण

डाइक्स्ट्रा यांचा जन्म ११ मे १९३० रोजी नेदरलँड्समधील रॉटरडॅम या बंदराच्या शहरी झाला. वडील रसायनशास्त्रज्ञ होते आणि माध्यमिक शाळेत शिकवीत. पुढे ते डच रसायनशास्त्र परिषदेचे अध्यक्षही झाले. आई गणितज्ञ होत्या. त्यांनी कधी नोकरी केली नाही. परंतु उत्तर बरोबर असणे पुरेसे नसते, ते सुटसुटीतही असावे लागते, हा संस्कार मुलावर त्यांनीच केला. एड्सगर दहा वर्षांचे झाले आणि तिसऱ्याच दिवशी, १४ मे १९४० रोजी, जर्मन विमानांनी रॉटरडॅमचा मध्यभाग बेचिराख केला. परकीय सत्तेच्या आणि टंचाईच्या त्या काळातच त्यांचे शालेय शिक्षण झाले.

१९४८ साली उत्तम गुणांनी शाळा संपली. त्या वेळी कायदा शिकून संयुक्त राष्ट्रसंघात देशाचे प्रतिनिधित्व करावे, असा त्यांचा मानस होता. मात्र विज्ञानातील गुण पाहून सर्वांनी त्यांना वेगळा सल्ला दिला आणि त्यांनी लायडन विद्यापीठात गणित व भौतिकशास्त्र घेतले. १९५१ साली वडिलांच्या प्रोत्साहनाने ते इंग्लंडमध्ये केंब्रिज येथे तीन आठवड्यांच्या प्रोग्रामिंगच्या वर्गाला गेले. या तीन आठवड्यांनी त्यांच्या आयुष्याची दिशा बदलली. मार्च १९५२ पासून ते ॲम्स्टरडॅमच्या गणित केंद्रात प्रोग्रामर म्हणून काम करू लागले.

नाव नसलेला व्यवसाय

भौतिकशास्त्र पूर्ण करावे की या नव्या कामात राहावे, अशी द्विधा त्यांना काही वर्षे छळीत होती. प्रोग्रामिंगला त्या वेळी शास्त्राचा आधार नव्हता. ती एक हातचलाखी मानली जाई. अखेर त्यांनी आपले वरिष्ठ ॲड्रियान व्हान वाइनगार्डन यांच्यापुढे मन मोकळे केले. संगणक आता कायमचे राहणार आहेत आणि या कामाला प्रतिष्ठित विद्या बनविणाऱ्यांपैकी तुम्हीच एक का होऊ नये, अशा आशयाचे उत्तर त्यांना मिळाले. डाइक्स्ट्रांनी निर्णय घेतला. तरीही १९५७ साली रिया डेबेट्स यांच्याशी विवाह करताना नोंदणीच्या कागदावर त्यांनी व्यवसायाच्या रकान्यात प्रोग्रामर असे लिहिले, तेव्हा असा व्यवसायच अस्तित्वात नाही म्हणून नगरपालिकेने ते नाकारले. कागदावर शेवटी सैद्धांतिक भौतिकशास्त्रज्ञ अशी नोंद झाली.

याच काळातील एक गोष्ट सर्वपरिचित आहे. १९५६ साली वाग्दत्त वधूसह खरेदी करून दमल्यावर दोघे ॲम्स्टरडॅममधील एका उपाहारगृहात कॉफीसाठी बसले. एका शहरातून दुसऱ्या शहरी जाण्याचा सर्वांत जवळचा मार्ग संगणकाने कसा शोधावा, याची रीत डाइक्स्ट्रांनी तेथे कागद-पेन्सिल न घेता वीसेक मिनिटांत मनाशी जुळविली. १९५९ साली प्रसिद्ध झालेली ती रीत आजही नकाशे आणि दळणवळणाच्या जाळ्यांच्या मुळाशी आहे. परंतु त्यांच्या आयुष्यातील अधिक खोल काम दुसरेच होते.

पुन्हा न दिसणारी चूक

त्या काळचे संगणक एका वेळी एकच काम करीत. छपाईयंत्र किंवा टेप सावकाश चाले आणि तोवर महागडा संगणक नुसता वाट पाहत बसे. हा वेळ वाचावा म्हणून लूपस्ट्रा व स्कोल्टन या डाइक्स्ट्रांच्या अभियंता सहकाऱ्यांनी एक्स-१ नावाच्या नव्या यंत्रात एक सोय सुचविली. बाहेरच्या उपकरणाचे काम झाले की त्याने संगणकाला मध्येच थांबवून तसे कळवावे, आणि ते काम मार्गी लावून संगणकाने पुन्हा आपल्या मूळ कामाकडे वळावे, अशी ती योजना होती. यालाच इंटरप्ट म्हणतात.

सोय उत्तम होती. पण डाइक्स्ट्रा तिला धास्तावले. हा व्यत्यय कोणत्या क्षणी येईल हे कोणालाच ठाऊक नसणार. तोच प्रोग्राम त्याच आकड्यांवर दोनदा चालविला तरी दोन्ही वेळा व्यत्यय वेगवेगळ्या ठिकाणी येणार. मग एखादी चूक एकदा दिसली आणि नंतर हजार वेळा दिसलीच नाही, तर ती शोधायची कशी? या भीतीवर मात करून त्यांनी ते काम तडीस नेले आणि त्यावरच १९५९ साली ॲम्स्टरडॅम विद्यापीठातून डॉक्टरेट मिळविली. ती भीती मात्र त्यांनी कधी विसरू दिली नाही. त्यांच्या पुढील सर्व विचारांचे मूळ तिच्यात आहे.

कोठीघराची वही

ही चूक कशी घडते, हे एका साध्या उदाहरणाने सांगता येईल. समजा, वसतिगृहाच्या कोठीघरात धान्याची एक वही आहे आणि तीत शिल्लक ४० पोती अशी नोंद आहे. दोन मदतनीस एकाच वेळी कामाला लागतात. एकाला आलेली १० पोती जमा करायची आहेत, दुसऱ्याला स्वयंपाकघराला दिलेली ५ पोती वजा करायची आहेत. पहिला वही पाहतो आणि ४० हा आकडा मनात धरून बेरीज करू लागतो. तेवढ्यात दुसराही वही पाहतो. त्यालाही ४० च दिसतात. पहिला ५० लिहून जातो. दुसरा आपल्या हिशेबाने ते खोडून ३५ लिहितो. खरी शिल्लक ४५ आहे. दोघेही प्रामाणिक, दोघांचेही गणित बिनचूक, तरीही दहा पोती वहीतून नाहीशी झाली. दोघांच्या येण्यात पाच मिनिटांचे अंतर असते तर काहीच बिघडले नसते. म्हणून ही चूक महिनोन्महिने दिसत नाही आणि एका दिवशी अचानक दिसते.

संगणकात हेच घडते, फक्त ते क्षणाच्या लाखाव्या भागात घडते. संगणकाची सर्व कामे सांभाळणारी जी मूळ व्यवस्था असते, तिला ऑपरेटिंग सिस्टीम म्हणतात आणि तिच्या गाभ्याला कर्नेल. स्मृतीचा कोणता भाग रिकामा आहे, कोणते काम चालू आहे, कोणते थांबले आहे, याच्या याद्या कर्नेल आपल्यापाशी ठेवतो. या याद्या सर्वांच्या सामाईक असतात. दोन कामांनी एकाच क्षणी अशा यादीला हात घातला तर नोंदी गळतात, साखळी तुटते आणि सगळे यंत्र कोलमडू शकते.

यावरचा उपाय शब्दांत सोपा आहे. वहीजवळ एका वेळी एकानेच जावे. अडचण अशी की, वहीजवळ कोणी आहे का, हे पाहणे आणि आपण तेथे आहोत असे जाहीर करणे, या दोन वेगळ्या क्रिया आहेत. दोघांनीही एकदम डोकावून जागा मोकळी पाहिली, तर दोघेही आत शिरतील. दोघांनीही आधी आपले नाव जाहीर केले आणि मग सौजन्याने दुसऱ्याची वाट पाहिली, तर दोघेही कायमचे दारातच उभे राहतील. डाइक्स्ट्रांनी हे कोडे सहकाऱ्यांपुढे ठेवले. गणित केंद्रातील थिओडोरस डेकर यांनी दोन कामांपुरते त्याचे उत्तर शोधले. पुढे कितीही कामे असली तरी चालेल असे उत्तर स्वतः डाइक्स्ट्रांनी दिले आणि ते १९६५ साली प्रसिद्ध झाले. तो निबंध आकाराने अगदी लहान आहे. पण एकाच वेळी चालणाऱ्या कामांच्या शास्त्राचा पाया म्हणून त्याच्याकडे बोट दाखविले जाते.

सिग्नलचा खांब

१९६२ साली डाइक्स्ट्रा आइंडहोव्हन येथील तंत्रविद्यापीठात गणिताचे प्राध्यापक झाले. तेथे त्यांनी या प्रश्नावर अधिक सोयीचे साधन घडविले. त्याला त्यांनी सेमाफोर हे नाव दिले. रेल्वेमार्गावर हात वर-खाली होणारा जो सिग्नलचा खांब असे, त्याचे हे नाव. आपल्याकडे एकेरी लोहमार्गावर टोकनाचा गोळा हाती आल्याखेरीज चालक पुढच्या टप्प्यात गाडी नेत नसे. एका टप्प्यासाठी एका वेळी एकच गोळा बाहेर पडे. कल्पना तीच आहे.

सेमाफोर म्हणजे एक अंक. आत जाणाऱ्याने तो एकाने कमी करायचा. अंक आधीच शून्यावर असेल तर झोपी जाऊन रांगेत थांबायचे. बाहेर पडणाऱ्याने तो एकाने वाढवायचा किंवा रांगेतल्या एकाला जागे करायचे. या दोन क्रियांना त्यांनी डच शब्दांवरून पी आणि व्ही ही एकाक्षरी नावे दिली. यातील प्रत्येक क्रिया अखंड असते, तिच्या मध्ये दुसरे कोणी येऊ शकत नाही. पाहणे आणि जाहीर करणे यांतली फट येथे बुजली. थांबणाऱ्याला दारात उभे राहून पुन्हापुन्हा डोकावण्याचीही गरज उरली नाही.

पण शिस्तीतूनही संकट उद्भवू शकते. एकाने पाटी घेतली, दुसऱ्याने पेन्सिल घेतली, आणि दोघेही दुसऱ्याच्या हातातली वस्तू मिळेपर्यंत आपली सोडायला तयार नाहीत, तर दोघांचेही लिखाण कायमचे अडते. ही कोंडी डाइक्स्ट्रांनी नेमकी ओळखली. विद्यार्थ्यांच्या परीक्षेसाठी त्यांनी एक प्रश्न रचला होता. पुढे तो गोल टेबलाभोवती बसलेल्या पाच तत्त्वज्ञांच्या गोष्टीच्या रूपाने जगभर शिकविला जाऊ लागला. प्रत्येक दोघांमध्ये एकच काटा आहे आणि जेवायला दोन काटे लागतात. सर्वांनी एकदम उजवीकडचा काटा उचलला तर पाचही जण भरल्या ताटापुढे उपाशी राहतात. प्रत्येकाने नियम पाळूनही सर्वांचे नुकसान होऊ शकते, म्हणून नियम करतानाच शेवटपर्यंतचा विचार करावा लागतो, हे या गोष्टीचे सार आहे.

थरांची इमारत

हे सारे कागदावर राहिले नाही. आइंडहोव्हनमध्ये त्यांनी मोजक्या सहकाऱ्यांसह एक्स-८ या संगणकासाठी संपूर्ण ऑपरेटिंग सिस्टीम उभी केली. विद्यापीठाच्या आद्याक्षरांवरून तिला टी-एच-ई हे नाव मिळाले. सुमारे अर्धा डझन माणसे, तीही सरासरी अर्ध्याच वेळेपुरती, आणि यंत्राची मुख्य स्मृती अवघी ३२ हजार शब्दांची. तिचे वर्णन १९६८ साली प्रसिद्ध झाले.

या रचनेत एकावर एक थर होते. सर्वांत खालचा थर प्रोसेसरचा वेळ कामांमध्ये वाटून देई. त्यावरचा थर स्मृतीची व्यवस्था पाही. त्यावर चालकाशी होणाऱ्या संवादाचा, त्यावर आवक-जावक उपकरणांचा आणि मग वापरणाऱ्यांच्या प्रोग्रामांचा थर होता. वरचा थर खालच्यावर विसंबे. खालच्याला वरच्याची गरज नसे. म्हणून प्रत्येक थर स्वतंत्रपणे पारखून घेता येई. कामे एकमेकांत अडकून कोंडी होणार नाही, याची सिद्धता त्यांनी बांधणीआधीच केली होती. चाचणीत ज्या चुका सापडल्या, त्या सर्व किरकोळ लेखनाच्या होत्या. साधारण पाचशे सूचनांमागे एक, आणि तीही दहा मिनिटांत सापडे अशी.

चाचणीने चूक असल्याचे कळते, चूक नसल्याची खात्री तिने मिळत नाही, हे डाइक्स्ट्रांचे ठाम मत होते. क्वचितच दिसणाऱ्या आणि पुन्हा न दिसणाऱ्या चुकीच्या बाबतीत तर हे शब्दशः खरे आहे. अशा ठिकाणी आधी विचार करूनच निर्दोष रचना करावी लागते, नंतर डागडुजी करून भागत नाही.

शिक्षक आणि लेखक

१९७२ साली त्यांना संगणकशास्त्रातील सर्वोच्च मानला जाणारा ट्युरिंग पुरस्कार मिळाला. त्यानंतरही त्यांची राहणी साधीच राहिली. फाउंटन पेनने, सुबक अक्षरात ते आपले निबंध लिहीत. प्रत्येकाला स्वतःच्या आद्याक्षरांसह क्रमांक देत आणि त्याच्या प्रती मित्रांना टपालाने पाठवीत. पुढे त्या प्रतींच्या प्रती निघत आणि जगभर फिरत. अशा लेखांची संख्या तेराशेच्या वर गेली. संगणकशास्त्राच्या या आचार्याने कित्येक वर्षे स्वतःच्या टेबलावर संगणक ठेवला नाही. स्वभावाने ते परखड होते. ढिसाळ विचार त्यांना सहन होत नसे आणि त्यामुळे पुष्कळ जण दुखावलेही जात. १९६८ सालीच प्रोग्राम लिहिण्याच्या एका रूढ पद्धतीवर त्यांनी संपादकाला धाडलेल्या पत्रातून कडक टीका केली होती. तिच्यावरचा वाद वर्षानुवर्षे चालला. पण लेखनाची रीत शेवटी त्यांनी दाखविलेल्या दिशेनेच बदलली.

१९७८ साली त्यांनी लेस्ली लॅम्पोर्ट आणि इतर तीन सहकाऱ्यांसह स्मृतीच्या सामाईक वापरावर आणखी एक अवघड निबंध लिहिला. एक काम स्मृती वापरीत असतानाच दुसऱ्याने तीतील टाकाऊ भाग झाडून गोळा करायचा, आणि तेही वापरात असलेल्या वस्तूला धक्का न लावता, असा तो विषय होता. वर्दळ चालू असलेल्या घराची झाडलोट करण्यासारखेच ते काम. १९८४ साली ते अमेरिकेत ऑस्टिन येथील टेक्सास विद्यापीठात गेले आणि १९९९ साली निवृत्त होईपर्यंत तेथे शिकवीत राहिले. २००२ साली ते नेदरलँड्समधील न्यूनेन या आपल्या गावी परतले आणि त्याच वर्षी ६ ऑगस्ट रोजी कर्करोगाने त्यांचे निधन झाले. एकाच वेळी अनेक ठिकाणी चालणाऱ्या संगणकीय कामांवरील श्रेष्ठ निबंधाला दिला जाणारा एक मानाचा पुरस्कार त्यानंतर त्यांच्या नावाने ओळखला जाऊ लागला.

त्यांच्या विचाराचे मोल

विचार बाजूला ठेवला की काय होते, याची दोन उदाहरणे येथे नोंदविणे आम्हांला आवश्यक वाटते. थेरॅक-२५ नावाच्या किरणोपचार यंत्रामुळे १९८५ ते १९८७ या काळात अमेरिका व कॅनडातील सहा रुग्णांना प्रमाणाबाहेर किरणांची मात्रा बसली आणि त्यांतील काही दगावले. चौकशीत आढळलेल्या दोषांपैकी एक असा होता की, यंत्रातील निरनिराळी कामे सामाईक नोंदी कोणत्याही संरक्षणाशिवाय वापरीत होती. यंत्र चालविणाऱ्या व्यक्तीने पडद्यावरची नोंद अतिशय भराभर बदलली, तरच तो दोष प्रकट होई. काम जितके सरावाचे, तितका धोका अधिक!

१४ ऑगस्ट २००३ रोजी अमेरिका व कॅनडाच्या ईशान्य भागातील सुमारे पाच कोटी लोक अंधारात गेले. तारा झाडांना टेकल्याने बिघाड सुरू झाला होता. परंतु एका नियंत्रण कक्षातील धोक्याची सूचना देणारा प्रोग्राम आधीच मुका झाला होता, म्हणून तेथील कर्मचाऱ्यांना बराच वेळ काही कळलेच नाही. दोन कामांनी एकाच सामाईक नोंदीवर एकाच क्षणी लिहिले होते. तो प्रोग्राम त्यापूर्वी ठिकठिकाणी मिळून तीस लाखांहून अधिक तास चालला होता आणि ती चूक एकदाही वर आली नव्हती, असे तो बनविणाऱ्यांनी सांगितले. डाइक्स्ट्रांना एक्स-१ पुढे बसून जी भीती वाटली होती, ती हीच.

आज आपल्या खिशातल्या साध्या मोबाइलमध्येही अनेक प्रोसेसर असतात आणि ते सर्व एकाच स्मृतीवर एकाच वेळी काम करतात. अँड्रॉइड फोनच्या तळाशी असलेल्या लिनक्स या कर्नेलने १९९६ साली प्रथम अनेक प्रोसेसरांना आसरा दिला, तेव्हा साऱ्या गाभ्याला मिळून एकच मोठे कुलूप होते. सगळ्या शाळेला एकच किल्ली असावी तसे ते झाले. त्याने सुरक्षितता आली. पण सर्वांना एकाच रांगेत थांबावे लागे. मग प्रत्येक वहीला वेगळे छोटे कुलूप देण्याचे काम वर्षानुवर्षे चालले आणि २०११ साली ते मोठे कुलूप पूर्णपणे निघाले. डाइक्स्ट्रा वारले त्याच २००२ साली लिनक्समध्ये आणखी एक रीत आली. वाचणाऱ्यांनी थांबायचेच नाही. बदल करणाऱ्याने नोंदीची नवी प्रत तयार करून ती जागेवर ठेवायची आणि जुनी वाचत बसलेले सर्व जण उठून गेल्यावरच जुनी प्रत नष्ट करायची. साधने अशी बदलत गेली. वस्तू सामाईक असेल तर तिच्या वापराचा नियम आधी ठरवावा आणि तो नियम पुरेसा असल्याचे विचाराने पटवून द्यावे, ही डाइक्स्ट्रांची शिकवण मात्र त्या सर्वांच्या मुळाशी तशीच आहे.

आपल्या माजी विद्यार्थ्यांपैकी जे या क्षेत्रात आहेत, त्यांना कामाची घाई आणि वरिष्ठांचा तगादा आम्ही सांगायला नको. चाचणी पार पडली, आता पुढे चला, असे म्हणणारे पुष्कळ भेटतील. अशा वेळी नाव नसलेल्या व्यवसायाला नाव मिळवून देणाऱ्या या माणसाची आठवण ठेवावी. आपण लिहिलेल्या चार ओळींवर एखाद्या रुग्णाचा प्राण किंवा एखाद्या शहराचा उजेड अवलंबून असू शकतो. त्या ओळी बरोबर का आहेत, हे स्वतःला आणि दुसऱ्याला समजावून सांगता येईपर्यंत लेखणी खाली ठेवू नये. एका पाणवठ्यावर रांगेने भांडी भरत लहानाची मोठी झालेली आपली मुले हा नियम इतरांपेक्षा लवकर समजू शकतील, असा आम्हांला विश्वास वाटतो.